शटरनंतरचं काम

मानपाड्यात आमचा फोटो-फिल्मचा गाळा सुरू होऊन वर्ष झालं. शूटिंग मी करते, एडिटिंग माझी नणंद करते. पहिल्या वर्षाचा हिशेब मांडताना एक गोष्ट वहीच्या पानापानावर दिसली. हळदीपासून पाठवणीपर्यंतचं शूटिंग दोन दिवसांत उरकतं. पण फोटो निवडणं, रंग जुळवणं, फिल्म कापणं, अल्बमची पानं लावणं यात आठवडे जातात. गिऱ्हाईक मात्र भाव ठरवतं ते हॉलमध्ये दिसणाऱ्या कॅमेऱ्यांवरून. म्हणून या धंद्याचा जुना इतिहास मी एकच प्रश्न मनात धरून वाचला: शटर पडल्यावरचं काम कोण करत होतं?

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिथल्या पहिल्या पिढीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळी काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली आहे तोवरच फोटो घेऊन धुवायची. काच वाळली की मेहनत फुकट. बाहेर काम असेल तर कॅमेऱ्याशेजारी अंधारा तंबू ठोकावाच लागे. पुढे १८८८ मध्ये कोडॅकने रोल भरलेला कॅमेरा विकायला काढला. रोल संपला की कॅमेरा तसाच कंपनीकडे पाठवायचा आणि छापलेले फोटो घ्यायचे. टिपणारा आणि धुणारा वेगळे झाले ते तेव्हापासून.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांचा मुंबईत १८८० पासून फोटो स्टुडिओ होता. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईने पाहिली आणि सावेदादांनी इंग्लंडमधल्या रायली ब्रदर्सकडून २१ गिनी मोजून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला त्यांनी कुस्ती चित्रित केली. ती फिल्म धुवायला मात्र लंडनला पाठवावी लागली! कुस्ती मुंबईची, कॅमेरा चालवणारा मुंबईचा, पण पट्टी परत येईपर्यंत हाती काय लागलंय ते कळायची सोय नाही.

हे परावलंबन मोडलं ते दादासाहेब फाळक्यांनी. फाळके मूळचे फोटोवालेच. गोध्र्यात स्टुडिओ थाटला, प्लेगने संसार मोडला. बडोद्यात पुन्हा मांडला, तर कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो या समजुतीपायी लोक फिरकेनात. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. विल्यम्सन कॅमेऱ्यासोबत त्यांनी फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि धुण्या-छापण्याची सामग्रीही मागवली. माझ्या मते त्यांचं खरं धाडस या दुसऱ्या यादीत आहे. आधी त्यांनी कुंडीतला वाटाणा रुजून वाढताना एकेक चौकट टिपली, ती छोटी फिल्म दाखवून भांडवल उभं केलं आणि मग ‘राजा हरिश्चंद्र’ला हात घातला.

फाळक्यांच्या दादरच्या घरात शटरनंतरचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंकडे होतं. कच्ची फिल्म बिनभोकांची येई. चौकटीच्या दोन्ही कडांना चार-चार भोकं अंधारात, त्या यंत्रावर हाताच्या अंदाजाने पाडायची. एखादं सरकलं तरी पडद्यावर चित्र उडी मारणार. फिल्म धुणं त्या शिकल्या. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, उन्हात परावर्तनासाठी पांढरी चादर धरून उभं राहणं आणि रात्री त्याच घरात फिल्मचं काम. दागिनेही गेले. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला. लहान फिल्म-धंद्याचं पहिलं वर्ष कसं असतं याचा याहून खरा दाखला मला माहीत नाही. तो धंदा एका माणसाचा नव्हता, घराचा होता.

पुढे गावोगावच्या स्टुडिओंतही हेच चाललं. ठाण्यातल्या एका जुन्या फोटोग्राफर काकांनी मला त्यांचं टचिंगचं डेस्क दाखवलं. उतरत्या लाकडी चौकटीत दुधी काच, खाली उजेड वर फेकणारा आरसा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, तिला टचिंगचं औषध चोळायचं आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने डोळ्यांखालच्या सुरकुतीत स्वल्पविरामाएवढ्या रेघा भरायच्या. निगेटिव्हवर तिथे काळं वाढलं की छापील फोटोत सुरकुती उजळते. रेघ जरा जाड झाली की चेहऱ्यावर कोड उठल्यासारखा डाग. फोटोखाली शिक्का स्टुडिओचा; टचिंग करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. रंगीत रोल आला तेव्हा हे काम गावातून उठून लॅबमध्ये गेलं. व्हिडिओ कॅसेटच्या काळात त्याला मिक्सिंग म्हणू लागले, आणि आता ते संगणकावर आहे.

आमच्या वर्षात याचा प्रत्यय चातुर्मासात आला. आषाढी एकादशी झाली की मुहूर्त थांबतात ते तुळशीच्या लग्नापर्यंत. मधल्या काळात डोहाळजेवणं, बारशी, गणपतीत सगळं घर एकत्र बसवून काढलेले फोटो आणि वागळे इस्टेटमधल्या लहान कारखानदारांच्या मालाचे फोटो यांनी हातखर्च निघाला. पण भाडं आणि कॅमेऱ्याचे हप्ते फेडले ते वैशाखातल्या लग्नांनी. कारण गिऱ्हाइकाकडून शेवटची रक्कम अल्बम हातात पडल्यावरच मिळते. शूटिंग मी वैशाखात केलं, पैसे आले नणंदेने आषाढ-श्रावणात संगणकासमोर बसून काम पुरं केलं तेव्हा.

म्हणून यंदापासून आमच्या कोटेशनमध्ये शूटिंग आणि एडिटिंग यांच्या रकमा वेगळ्या लिहिल्या जातात, आणि पाटीवर दोघींची नावं आहेत. गिऱ्हाइकं विचारतात, मी समजावून सांगते, बहुतेकांना पटतं. फाळक्यांच्या नावाने १९६९ पासून देशातला सिनेमाचा सर्वोच्च पुरस्कार दिला जातो, तो योग्यच आहे. पण त्यांचं पहिलं वर्ष शिकवायचं झालं तर विल्यम्सन कॅमेऱ्याइतकंच भोकं पाडायच्या यंत्राबद्दल सांगायला हवं, आणि ते चालवणारे हात कुणाचे होते तेही.