जुन्या विलायती शिकारी बंदुका व त्यांचे सुटे भाग

इ. स. १६५७ त शिवछत्रपतींनीं कल्याण व भिवंडी हीं ठाणीं घेतलीं, आणि दोन वर्षांनीं याच खाडीवर आरमार बांधण्याच्या कामीं रुई लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज व त्याचे लोक लागले होते, हें वाचकांस ठाऊक आहेच. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यानें त्यांस फितवून परत नेलें. वस्तु आपल्या घरीं, पण ती घडविणारा व सुधारणारा हात परक्याचा, ही अडचण या प्रांतास तेव्हांपासून परिचित आहे. आम्ही येथें ज्या जिनसांविषयीं लिहीत आहों त्या पुष्कळच अर्वाचीन आहेत. परंतु अडचण तीच आहे.

भिवंडी, शहापूर, जव्हार या रानपट्ट्यांत पूर्वीं शिकार मुबलक होती. जव्हार संस्थान १९४८ त विलीन झालें, १९७२ च्या वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यानें शिकारीचा प्रश्नच मिटला, आणि त्या काळच्या युरोपीय बंदुका जुन्या घराण्यांतून कपाटांत पडून राहिल्या. पोथ्या धुंडाळणारांनीं त्यांकडे कां पाहावें, असें कोणी विचारील. बंदूक हाही एक लेख आहे, आणि तो वाचतां येतो, असें आमचें म्हणणें आहे.

उदाहरण घेऊं. ०.४५० इंच मापाच्या दुनळी रायफली एके काळीं हिंदुस्थानांत शिकाऱ्यांच्या विशेष आवडीच्या होत्या. लष्करी मार्टिनी-हेन्री बंदुकीची गोळी साधारण त्याच मापाची; ती बंडखोरांच्या हातीं पडेल या भयानें सरकारनें १९०७ च्या सुमारास हें माप हिंदुस्थानास बंद केलें. लगेच विलायतच्या कारखानदारांनीं किंचित् थोरलीं मापें काढिलीं. लंडनच्या हॉलंड आणि हॉलंड यांचें ०.४६५ त्यांतलेंच. तेव्हां नळीवर हें माप कोरलेलें असतां ती बंदूक ‘सत्तावनच्या बंडांतील’ म्हणून कोणी पुढें केल्यास, शके १८२९ चा कागद शिवकालीन म्हणून मानण्याइतकेंच तें भोळेपणाचें होईल. नळीच्या बुडाशीं लंडन वा बर्मिंगहॅम येथील परीक्षेचे शिक्के असतात. लिएजच्या मालावर लंबवर्तुळांत ई. एल. जी. हीं अक्षरें असतात. मोडीचीं वळणें ओळखणारास हें काम अवघड जाऊं नये.

आतां सुट्या भागांकडे वळूं. घोड्याची कमान तुटते, आघात करणारी सुई झिजते, काडतूस ओढणारा आंकडा गळतो. येथें बंदुकांच्या दोन जाती निराळ्या धराव्या. जर्मनीच्या माउझर कारखान्यानें १८९८ त लष्करासाठीं सिद्ध केलेली सरकत्या बोल्टाची रचना यंत्रावर असंख्य प्रतींनीं निघाली, आणि लंडनच्या रिग्बीसारख्यांनीं तिच्यावर आपल्या शिकारी रायफली बसविल्या. तिचा भाग एकीचा काढून दुसरीस बहुधा चालतो. क्रमांक मात्र जुळत नाहीं, आणि त्यावरूनच बदल ओळखूं येतो. इंग्रजी दुनळीची गोष्ट वेगळी. तिचा प्रत्येक भाग कानसीनें त्याच एका बंदुकीस बसता केलेला असल्यामुळें, दुसऱ्या दुनळीची कमान तिला सहसा बसतच नाहीं. वेस्टली रिचर्ड्स यांनीं तर हातानें उपसून काढतां येणारी कळ केली व तिची दुसरी जोडी पेटींतच देण्याची सोय ठेविली. कारागीर हजारों मैल दूर असणार, हें त्यांनीं जाणलें होतें. संस्थानिकांस ही बंदूक प्रिय झाली यांत नवल नाहीं. पेटींत ती जोडी अजून असली तर संग्राहकानें आपलें भाग्य समजावें.

नसली तर काय करावें? मुंबईच्या गिरण्यांनीं टाकलेले माग घेऊन ज्या गांवानें आपला धंदा उभारला, त्या भिवंडींत मोडका भाग लेथवर हुबेहूब घडवून देणारा कारागीर दुर्मिळ नाहीं, आणि मोह होतो. आम्ही स्पष्ट सांगतों कीं तो आवरावा. पहिलें कारण कायद्याचें. १९५९ च्या शस्त्रकायद्याच्या ४५ व्या कलमानें जुन्या घाटणीच्या, पुराणवस्तु म्हणून मोलाच्या किंवा मोडक्या हत्यारास सूट आहे. पण दुरुस्त करूनही जें चालणार नाहीं त्यासच. जी दुरुस्तीनें चालूं शकेल ती आजच सुटीबाहेर. मग परवाना हवा, आणि दुरुस्ती करणारासही निराळा परवाना हवा. शिवाय शंभर वर्षांची वस्तु १९७२ च्या कायद्यानें पुराणवस्तु ठरूं शकते. हस्तलिखितास ती मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे.

दुसरें कारण आमच्या मतें अधिक महत्त्वाचें. महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करतांना पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील पंडितांनीं प्रक्षिप्त श्लोक मूळ संहितेंतून काढिले, पण ते फेंकून दिले नाहींत. तळटीपांत व परिशिष्टांत नोंदून ठेविले. बंदुकीसही तोच न्याय लावावा. पूर्वीं कोणी गांवठी कमान बसविली असेल तर ती तशीच ठेवावी, कारण कोणत्या काळीं विलायतेहून भाग येईनासे झाले याचा तीच पुरावा. जेथें भाग नाहीं तेथें तो नाहीं असें लिहावें. पोथींतील गळालेलें पान नव्या कागदावर जुन्या वळणानें लिहून आंत घालणारास आपण चांगलें नांव देत नाहीं.

हें सर्व आतांच लिहिण्याचें निमित्त असें कीं, डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनें एका परवानेदारास, वारशानें आलेल्या धरूनही, दोनच बंदुका ठेवतां येतात. पूर्वीं तीन ठेवतां येत. अधिक असलेली एका वर्षांत जमा करावयाची होती. जमा झालेली बंदूक कागदावर केवळ क्रमांक व माप एवढीच उरते. म्हणून ज्यांच्या ओळखीच्या घरीं अशी बंदूक अद्याप आहे, त्यांनीं तिला हात न लावतां, मालकाच्या संमतीनें, नळीवरील अक्षरें व शिक्के उतरून घ्यावे, भागाभागावरील अंक ताडून पाहावे, जुने परवाने व खरेदीच्या पावत्या यांच्या नकला करून मंडळाच्या दप्तरीं पाठवाव्या. लाकडी पेटीच्या झांकणाला आंतून कारखान्याचा छापील कागद बहुधा चिकटविलेला असतो. पूर्वींच्या धन्यानें त्यावर शाईनें कांहीं टिपून ठेविलें असल्यास तेंही वाचून घ्यावें. त्या कागदाची नक्कल प्रथम करावी, कारण लोखंडास गंज चढण्यापूर्वीं त्यास कसर लागलेली असते.