बोर्डी-संजाणचा मध्ययुगीन समाज आणि त्याचें वाङ्मय

मध्ययुगांतील इंग्लंडमध्यें समाजाचे तीन वर्ग मानीत असत. देवाची प्रार्थना करणारे, हातीं शस्त्र धरून लढणारे आणि जमीन कसून या दोघांसहि पोसणारे. ही विभागणी ईश्वरानेंच केली आहे असें धर्मगुरु सांगत. आणि तें सांगणारे अर्थातच पहिल्या वर्गांतले असत. दुसऱ्या वर्गाची कीर्ति गाण्यास भाट व कवि होते. तिसऱ्या वर्गाजवळ नांगर होता, लेखणी नव्हती. म्हणून कोणत्याहि देशाच्या मध्ययुगाचें वाङ्मय हातीं घेतांना तें कोणीं लिहिलें आणि कोणाविषयीं कोणींच लिहिलें नाहीं, हा प्रश्न आधीं विचारावा लागतो.

हा प्रश्न विचारण्यास उत्तर कोंकणांतील बोर्डीच्या परिसराइतकें सोयीचें ठिकाण क्वचितच सांपडेल. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस थोड्याच मैलांवर संजाणचें जुनें बंदर, पूर्वेस बारडचा डोंगर व त्यापलीकडे तलासरीकडील रानें, दक्षिणेस डहाणू, चिंचणी व तारापूर. एवढ्याशा टापूंत मध्ययुगांतील राज्यकर्ते, पुरोहित आणि वतनदार या तीन वर्गांनीं आपापलें लेखन मागें ठेवलें आहे. चौथा वर्ग, जमीन कसणारा व रानांत लांकूड तोडणारा, याच भूमीवर घाम गाळीत होता. त्याचें म्हणणें मात्र कागदावर उतरलें नाहीं.

यांतील सर्वांत जुनें लेखन तांब्यावरचें आहे. चिंचणी येथें राष्ट्रकूटांच्या व शिलाहारांच्या काळचे ताम्रपट सांपडले. त्यांतील शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ च्या लेखावरून एक मोठी मौजेची गोष्ट कळते. राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या वतीनें संजाणचा, म्हणजे तेव्हांच्या संयान मंडळाचा, कारभार महंमद नांवाचा एक अरब पाहत होता. संस्कृत लेखांत त्याला मधुमति असें सुंदर नांव मिळालें आहे. त्यानें नदी उतरून जाणाऱ्यांसाठीं विनामूल्य नावेची सोय केली, अन्नछत्र घातलें, आणि त्याच्याच अमदानींत देवीच्या मठिकेस दान मिळालें. पुढें शके ९५६, म्हणजे इ. स. १०३४ मध्यें, चामुंडराज नांवाच्या मांडलिकानें येथील मठिकेस तेलाचा एक घाणा दिला. देवीपुढें दिवा तेवावा व आलेल्या विद्वानांच्या पायांस तेल लावतां यावें, हा त्यांतला हेतु. राजा, अधिकारी, देवता व विद्वान यांचा परस्परसंबंध या तांब्याच्या पत्र्यांवर स्पष्ट उमटला आहे. घाणा कोण फिरवीत होता आणि नाव कोण वल्हवीत होता, हें नोंदविण्याचें दानपत्रास कारणच नव्हतें. दान दिलेल्या गांवाच्या चतुःसीमा सांगितल्या कीं त्या सीमांच्या आंत राबणारीं माणसें त्यांतच आलीं, अशी त्या काळची समजूत होती.

दुसरें लेखन पुरोहितवर्गाचें. नवसारीच्या बहमन कैकोबाद या पारशी धर्मगुरूनें इ. स. १५९९ मध्यें ‘किस्से-संजाण’ हें फार्सी काव्य रचलें. इराण सोडून आलेले जरथुष्ट्राचे अनुयायी संजाणास उतरले, जादी राणा नांवाच्या राजानें त्यांस कांहीं अटींवर आश्रय दिला, त्यांनीं या देशाची भाषा उचलली, शस्त्रें खालीं ठेवलीं आणि आपला पवित्र अग्नि येथें स्थापिला, अशी त्यांतील कथा. दुधांत साखर विरघळल्याची जी गोड आख्यायिका सर्वतोमुखीं आहे ती या काव्यांत नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आश्रय मागणाऱ्यांनीं घातलेल्या अटी मान्य केल्या आणि दिलेला शब्द पाळला, यावर कवीचा भर आहे. पुढें मुसलमानी फौज संजाणवर चालून आली तेव्हां पारशांनीं राजाच्या बाजूनें तरवार धरली. पराभव झाल्यावर अग्नि घेऊन ते बाहरोटच्या डोंगरांत गेले व तेथें बारा वर्षें राहिले. बोर्डीच्या पूर्वेस बारडच्या डोंगरावर बाहरोटचीं लेणीं आहेत आणि पारशी लोक आजहि तीं पूज्य मानतात. नंतर तो अग्नि वांसद्यास, तेथून नवसारीस व अखेर इ. स. १७४२ मध्यें उदवाड्यास गेला. या काव्याचा नायक कोणी पुरुष नाहीं. तो अग्नि आहे, आणि त्याची राखण करणारें पुरोहितांचें कुळ हें त्याचें गोत्र आहे. डोंगराच्या पायवाटा ज्यांच्या पायांखालच्या होत्या त्यांस या कथेंत स्थान मिळालें नाहीं.

तिसरें लेखन मराठींतलें आहे आणि मराठी वाचकास तें अधिक जवळचें वाटावें. ‘महिकावतीची बखर’ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केली. महिकावती म्हणजे माहीम. बखरींत निरनिराळ्या काळीं लिहिलेलीं सहा प्रकरणें आहेत, आणि त्यांतील केशवाचार्यानें लिहिलेला भाग शके १३७०, म्हणजे इ. स. १४४८ चा आहे. बिंब राजानें दमणपासून वाळुकेश्वरापर्यंतचा किनारा घेतला, त्याच्याबरोबर सहासष्ट कुळें येऊन येथें वसलीं, त्यांस गांवें व वतनें मिळालीं, असें ही बखर सांगते. दमण व वाळुकेश्वर यांच्या मध्यें येणारा बोर्डी-डहाणूचा पट्टा अर्थातच या कथेच्या कक्षेंत येतो.

ही बखर लिहिण्याचें प्रयोजन मोठें बोलकें आहे. राज्यें बदललीं होतीं, कुळांचे आचार विसकटले होते, कोण कोणत्या वंशाचा व कोणत्या मानाचा हें सांगणारें कोणी उरलें नव्हतें. अशा वेळीं मालाडच्या नायकोरावानें पुढाकार घेऊन लोक जमविले आणि केशवाचार्यानें कुळांची माहिती लिहून काढली. ‘महाराष्ट्रधर्म’ हा शब्द समर्थ रामदासांच्या आधीं दोनशें वर्षें या बखरींत येतो, म्हणून इतिहासकार तिला फार मान देतात. परंतु समाजाच्या दृष्टीनें पाहिलें तर ती वतनदार कुळांनीं आपला हक्क विसरला जाऊं नये म्हणून केलेली नोंद आहे. वंश लिहिला कीं मान टिकला, आणि मान टिकला कीं जमीन टिकली. प्रस्तावनेंत राजवाड्यांनीं या प्रांताच्या वसाहतीचे थर उलगडून दाखवितांना कातकरी, वारली, ठाकर अशा रानांत राहणाऱ्या लोकांचाहि विचार केला. हें काम विसाव्या शतकांतील संशोधकास करावें लागलें, कारण पंधराव्या शतकांतील बखरकाराचा तो विषय नव्हता.

येथें कोणी म्हणेल कीं मध्ययुग सगळीकडे असेंच होतें. परंतु तसें नाहीं. याच मराठी भाषेंत, सह्याद्रीच्या पलीकडे देशावर, निराळा प्रकार घडला होता. इ. स. १२९० मध्यें ज्ञानेश्वरी झाली, आणि त्याच सुमारास नामदेव शिंपी, गोरा कुंभार, सांवता माळी, सेना न्हावी यांच्या तोंडून अभंग निघूं लागले. प्रत्येकानें आपल्या धंद्याच्या भाषेंत देवाशीं बोलणें केलें. चोखामेळा तर गांवकुसाबाहेरचा. मंगळवेढ्याच्या तटाचें काम करीत असतां भिंत कोसळून इ. स. १३३८ मध्यें त्याचा अंत झाला असें सांगतात. पंढरीच्या वाटेवर अभंग तोंडोतोंडीं पसरला व पुढें वह्यांत उतरला, म्हणून कष्टकऱ्याचा शब्द टिकला. ती वाट वारल्यांच्या पाड्यांवरून जात नव्हती.

आतां इंग्लंडकडे पाहावें. तेथें कष्टकऱ्याचा शब्द वाङ्मयांत शिरला तो कांहीं दशकांनीं पुढें, आणि त्यास एक भयंकर आपत्ति कारण झाली. इ. स. १३४८-४९ च्या महामारींत त्या देशाची निदान एकतृतीयांश प्रजा मृत्युमुखीं पडली. मजूर दुर्मिळ झाले व अधिक मजुरी मागूं लागले. इ. स. १३५१ मध्यें पार्लमेंटनें कायदा करून मजुरी महामारीपूर्वींच्या दरावर बांधून टाकली. तेथील भूदास जमिनीस जखडलेला असे. आठवड्यांतील ठराविक दिवस जमीनदाराच्या शेतावर फुकट राबावें लागे, आणि मुलीचें लग्न करावयाचें तरी धन्यास पैसे भरावे लागत. या वेळींच विल्यम लँगलंड नांवाच्या कवीनें ‘पिअर्स प्लाऊमन’ हें काव्य इंग्रजींत लिहिलें. सत्याच्या शोधांत निघालेल्या लोकांस वाट दाखवितो तो बिशप नव्हे, सरदार नव्हे. पिअर्स नांवाचा नांगऱ्या. दरबारच्या फ्रेंचला व चर्चच्या लॅटिनला बाजूस सारून लोकांच्या भाषेंत ही गोष्ट सांगितली गेली, हें तिचें सामर्थ्य होतें.

इ. स. १३८१ मध्यें तीन वेळां बसविलेल्या डोईपट्टीमुळें शेतकऱ्यांचें बंड झालें, तेव्हां जॉन बॉल या धर्मोपदेशकाच्या नांवें जीं पत्रें फिरलीं त्यांत पिअर्स नांगऱ्याचें नांव येतें. काव्यांतील पात्र बंडखोरांची खूणगांठ झालें. त्यांची मागणी साधी होती: भूदासपणा नाहींसा करावा व जमिनीचा खंड एकरीं चार पेन्स असावा. आणि त्यांनीं जागोजाग काय जाळलें? ज्यांत आपली वेठ व आपलें देणें लिहून ठेवलें होतें तीं जमीनदारांचीं दफ्तरें. ज्याला वाचतां येत नव्हतें त्यासहि आपलें दास्य कागदांत राहतें हें पुरतें ठाऊक होतें. चौदा वर्षांच्या दुसऱ्या रिचर्ड राजानें सनदा दिल्या आणि धोका टळतांच परत घेतल्या. वॉट टायलर मारला गेला, जॉन बॉलला फांशीं दिलें. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं चॉसरनें ‘कँटरबरी टेल्स’ लिहिलें. त्यांत सरदार, गिरणीवाला, कारभारी, व्यापाऱ्याचा वर्ग, सर्वजण आपापली गोष्ट सांगतात. नांगऱ्याहि यात्रेंत आहे आणि कवीनें त्याची स्तुतिहि केली आहे. परंतु त्याच्या तोंडीं गोष्ट नाहीं. मनांत उदार असलेला कवीहि एखाद्या वर्गाचें चित्र काढून थांबूं शकतो, त्यास बोलूं देत नाहीं, याचा हा नमुना आहे.

मग वारली समाज मुका होता काय? मुळींच नाहीं. लग्नाच्या वेळीं सुवासिनी गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें लग्नाचा चौक काढतात. त्यांत पालघट देवी बसते. धवलेरी गाणीं म्हणते, आणि त्या गाण्यांवांचून लग्न लागत नाहीं. धान्याची देवता कणसरी, पाऊस, वाघ, तारप्याचा नाच, बीजापासून कणसापर्यंतची भाताची कहाणी, हें सारें त्या गाण्यांत व चित्रांत आहे. ज्यांस अन्न पिकविण्याचें शास्त्र ठाऊक होतें त्यांचें हें शास्त्र आहे. मात्र या वाङ्मयास एक उणेपण होतें. भिंत पुन्हा सारवली जाते, गाणें गाणाऱ्याबरोबर जातें, आणि कचेरींत त्यांतलें कांहींच पुरावा म्हणून चालत नाहीं. कणसरीचें गाणें येणाऱ्या माणसाचें नांव सातबाऱ्यावर नसे. तें सावकाराचें असे.

एकोणिसाव्या शतकांत जमिनीचा हक्क कागदावर ठरूं लागला, तेव्हां या उणेपणाची किंमत भरावी लागली. डहाणू-तलासरीकडील जमिनी सावकारांच्या व जमीनदारांच्या हातीं गेल्या. लग्नासाठीं कर्ज काढलेला वारली लग्नगडी होऊन धन्याकडे बायकोसह राबे, आणि पुष्कळदां जन्मभर सुटत नसे. इंग्लंडच्या भूदासास लग्नाचा कर द्यावा लागे. येथें लग्न हीच बेडी झाली. सिमिंग्टन नांवाच्या अधिकाऱ्यानें १९३९ च्या सुमारास मुंबई सरकारला सादर केलेल्या अहवालांत या वेठीचें वर्णन आहे. अखेर २३ मे १९४५ रोजीं आजच्या तलासरी तालुक्यांतील झरी येथें हजारों वारली जमले. कोणाचीहि वेठ करावयाची नाहीं व बारा आणे रोज घेतल्याशिवाय कामास जावयाचें नाहीं, असा त्यांनीं ठराव केला. त्याच वर्षीं १० ऑक्टोबरला तलवाडा येथें गोळीबार होऊन जेठ्या गांगड व आणखी चार जण पडले. १३८१ च्या बंडाशीं तुलना करतां एक फरक दिसतो: येथील वेठ व लग्नगडीची चाल पुन्हा बसवितां आली नाहीं. या लढ्यांत वारल्यांबरोबर राहिलेल्या गोदावरी परुळेकर यांनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हें पुस्तक १९७० मध्यें लिहिलें, आणि वारल्यांचें बोलणें मराठी ग्रंथांत आलें.

त्याच १९४५ सालीं बोर्डी येथें ताराबाई मोडक यांनीं ग्राम-बाल-शिक्षा केंद्र सुरू केलें. अनुताई वाघ त्यांच्या साह्यास होत्या. मुलें शाळेंत येत नसतील तर शाळेनें मुलांच्या अंगणांत जावें, या विचारांतून अंगणवाडी निघाली, आणि १९५७ मध्यें तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. पुढें डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांनीं लग्नचौकाची रेषा भिंतीवरून कागदावर आणली व २०११ मध्यें पद्मश्री मिळविली.

ताम्रपट, किस्सा व बखर हीं तिन्ही अमोल आहेत. त्यांवांचून या किनाऱ्याचा इतिहासच लिहितां आला नसता. परंतु तीं वाचतांना त्यांच्या शेजारीं एक कोरें पान ठेवावें. दान दिलेल्या गांवांत कोण राहत होतें, बाहरोटची वाट कोणाची होती, सहासष्ट कुळें आलीं तेव्हां आधीं तेथें कोण होतें, हें त्या पानावर लिहावयाचें आहे. अशिक्षित धवलेरीच्या गळ्यांत त्याचा मजकूर बराचसा अजून शाबूत आहे. तो टिपून घेणारा संशोधक मध्ययुगाचाच इतिहास लिहीत असेल.