रविवारची सायकल आणि एक ‘आणि’ : क्लॅरियन सायकलिंग क्लबची गोष्ट (थ्रेड)

एप्रिल १८९५. ईस्टरच्या सुट्टीत इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील ॲशबर्न या लहानशा गावी निरनिराळ्या औद्योगिक शहरांतून सायकलस्वार जमले. त्यांनी आपापल्या क्लबांची एक राष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि तिचा उद्देश लिहून काढला : समाजवादाचा प्रचार करणे, आणि वेगवेगळ्या गावांच्या क्लबांच्या एकत्रित सहली घडवून आणणे.

या वाक्यातील ‘आणि’ने पुढची सव्वाशे वर्षे गाजवली. सहल प्रचारासाठी होती, की सहलीला सहलीपलीकडे कारणच नको होते?

या मंडळींचे मूळ एका साप्ताहिकात आहे. रॉबर्ट ब्लॅचफर्ड हा एकेकाळचा सैनिक, नंतर भरपूर पगार मिळवणारा पत्रकार. समाजवादी मतांपायी त्याने ती नोकरी सोडली आणि डिसेंबर १८९१ मध्ये मँचेस्टर येथे ‘द क्लॅरियन’ सुरू केले. क्लॅरियन म्हणजे तुतारी. पत्राचा सूर मात्र रणभूमीचा नव्हता. गप्पा, विनोद, नाटके, खेळ आणि त्यांच्याच शेजारी भांडवलशाहीवरील टीका, असा तो मामला होता. त्यातील लेखांतून साकारलेले ‘मेरी इंग्लंड’ हे पुस्तक ओल्डहॅमच्या एका काल्पनिक कामगाराला उद्देशून लिहिलेले आहे. १८९४ मध्ये त्याची एका पेनीची आवृत्ती निघाली आणि प्रती लाखांनी खपल्या. कामगाराला भाकरी हवी हे तर ब्लॅचफर्ड सांगतोच. पण गिरण्यांच्या धुराने त्याच्याकडून हिरवे रान, स्वच्छ नदी आणि फुरसतही हिरावून घेतली आहे, हा त्याचा खरा संताप आहे.

फेब्रुवारी १८९४ मध्ये बर्मिंगहॅम येथील काही तरुण वाचक एकत्र आले. टॉम ग्रूम हा त्यांतला पुढाकार घेणारा. प्रथम त्यांनी ‘समाजवादी सायकल क्लब’ असे सरळधोपट नाव घेतले, पण लगेचच ते बदलून आवडत्या पत्राचे नाव लावले. कल्पना इतर शहरांत झपाट्याने पसरली, आणि वर्षभरात ॲशबर्नचा मेळावा भरला.

हे सारे नेमके त्याच दशकात का घडले? उंच चाकाची जुनी सायकल ही धाडसी आणि सधन तरुणांची चैन होती. १८८५ मध्ये कॉव्हेन्ट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने सारख्या आकाराच्या दोन चाकांची, साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्याआधीच, १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांत स्त्रिया व किशोर कामगारांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबू लागले होते आणि अर्ध्या शनिवारची प्रथा हळूहळू इतर धंद्यांतही रुजत गेली. यंत्र आणि वेळ, दोन्ही जुळून आले. तरी नवी सायकल सहसा दहा पौंडांच्या वरच असे आणि पुष्कळ कामगारांची आठवड्याची कमाई एक-दीड पौंडाच्या आसपास. म्हणून हप्ते, जुनी सायकल किंवा कारागीर मित्राची मदत. ज्यांना एवढेही परवडत नसे, ते अर्थातच या चित्रात नाहीत. ‘कामगारांचा क्लब’ म्हणताना हे विसरू नये.

क्लबची सहल शर्यतीसारखी नसे. धुरकट शहरातून सकाळी निघायचे, गावच्या मोकळ्या जागेत थांबायचे, पत्राचे अंक आणि पुस्तिका वाटायच्या, कुणी चार शब्द बोलायचे, मग चहा आणि गाणी. वाटेत दुसरा क्लॅरियनवाला भेटला, की एकाने ‘बूट्स!’ अशी आरोळी द्यायची आणि दुसऱ्याने ‘स्पर्स!’ असे उत्तर. (क्रांतिकारकांच्या परवलीच्या शब्दांत इतका निरर्थक शब्द क्वचितच सापडेल.) १८९७ मध्ये चेशर परगण्यात बकलो हिल येथे त्यांनी मुक्कामासाठी क्लबहाउस उघडले आणि १९०३ मध्ये हँडफर्थ येथे दुसरे.

या क्लबमध्ये स्त्रियाही होत्या. मँचेस्टरच्या शाखेत क्रिस्टाबेल आणि सिल्विया पँकहर्स्ट या दोघी बहिणी सायकल चालवीत. पुढे मताधिकाराच्या लढ्यात दोघींची नावे गाजली. सिल्वियाने आठवणींत लिहून ठेवले आहे, की तिची सायकल एका कामगार सहकाऱ्याने गॅसच्या नळ्यांपासून तयार केली होती, तर क्रिस्टाबेलची चांगली महागाची होती. क्रिस्टाबेल पुढे निघून जाई आणि ती मागे धापा टाकत राही. दोघींच्या पुढील राजकारणाशी हे चित्र जुळते खरे, पण त्याचे रूपक करण्याचा मोह आवरलेला बरा.

आता त्या ‘आणि’कडे वळू. केअर हार्डीसारख्या गंभीर प्रकृतीच्या समाजवाद्यांना ब्लॅचफर्डचा हा खुशालचेंडू बाणा रुचत नसे. रविवार पवित्र मानणारे धार्मिक लोकही नाराज होतेच. क्लबकडून याला एक उत्तर दिले जाई : निसर्गाचे सौंदर्य आणि शहरातील बकालपणा यांतला फरक सायकलस्वाराला वरचेवर दिसतो, म्हणून ही व्यवस्था बदलण्याची त्याची तळमळ वाढते. उत्तर चतुर आहे, पण मला ते काहीसे ओशाळलेले वाटते. धनिकाला आपल्या सहलीचा सामाजिक उपयोग सिद्ध करावा लागत नव्हता. सहा दिवस यंत्राशी जुंपलेल्या माणसाने सातव्या दिवशी निवांत भटकणे, हा ब्लॅचफर्डच्याच पुस्तकानुसार त्याचा हक्क होता. मग त्या हक्काला प्रचाराचे तिकीट कशाला?

शिवाय प्रचारकाने दाखवलेली वाट सारेच चालले असेही नाही. बोअर युद्धात ब्लॅचफर्डने ब्रिटिश सरकारची बाजू घेतली, १९१४ मध्ये महायुद्धालाही पाठिंबा दिला आणि अनेक जुने वाचक दुरावले. पत्राची कळा उतरत गेली. सायकलींचा क्लब मात्र टिकला. सहली आवडत होत्या म्हणून टिकला, असे मानायला जागा आहे. त्याच वेळी केवळ सहलींवर सारे भागले असेही म्हणता येत नाही : १९३८ मध्ये यादवी युद्धात होरपळणाऱ्या स्पेनसाठी निधी जमवायला क्लबचे दोन सभासद ग्लासगोहून बार्सिलोनापर्यंत सायकलने गेले. मैत्रीची सवय रस्त्यावर लागलेली नसती, तर ही मजल मारली गेली असती का?

याच वर्तुळातून एक पायी शाखाही फुटली होती. १९०० मध्ये जी. एच. बी. वॉर्ड याने ‘क्लॅरियन’मधून आवाहन करून शेफील्डच्या पदभ्रमण मंडळाची पहिली भटकंती किंडर स्काउट या डोंगराभोवती काढली. त्याच डोंगरावर १९३२ मध्ये शेकडो तरुण जमीनमालकांची बंदी झुगारून चढले आणि काहींना तुरुंगवास झाला. फिरणे हीच तेव्हा मागणी होती.

२०२१ मध्ये क्लबच्या सभासदांनी मतदान करून घटनेतून समाजवादाचा उल्लेख वगळला. न पटलेल्या काही सभासदांनी वेगळा क्लब काढला आणि त्याच्या नावात १८९५ हे साल घातले.