एकाच गादीवरचे दोन संघ

कुस्ती म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें तांबड्या मातीचा हौदा, लंगोट कसलेले मल्ल आणि भोंवतीं दाटलेला पुरुषांचा मेळा उभा राहतो. आज मी आपणांस ज्या आखाड्याकडे नेणार आहें, तेथें मातीच्या जागीं गादी होती, आणि तिजवर मुलांप्रमाणें मुलीही डावपेंच शिकत होत्या. हा आखाडा अमेरिकेंतील मिनेसोटा राज्याच्या पश्चिमेस, मॉरिस नांवाच्या लहानशा गांवीं होता.

मॉरिसच्या ह्या जागेचा पूर्वेतिहास विलक्षण आहे. तेथें १८८७ मध्यें मूळ रहिवाशांच्या मुलांसाठीं निवासी शाळा निघाली. १९१० मध्यें शेतकी शाळा आली. आणि १९६० मध्यें मिनेसोटा विद्यापीठाचें एक छोटें महाविद्यालय सुरू झालें. ह्याच महाविद्यालयानें १९९३ मध्यें स्त्रियांच्या कुस्तीस अधिकृत संघाचा दर्जा दिला. अमेरिकेंतील कोणत्याही महाविद्यालयानें तोंवर असें केलेलें नव्हतें.

ह्या घटनेचें महत्त्व कळण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनीं स्त्री-पुरुष असा भेद करूं नये, असा कायदा तेथें १९७२ मध्यें झाला. त्याचा सरळ अर्थ मुलींना अधिक संधि द्यावी हाच होता. परंतु कित्येक संस्थांनीं मुलींचे संघ वाढविण्याऐवजीं मुलांचे संघ मोडून तराजू सारखा केला, आणि त्यांत कुस्तीवर मोठा घाव पडला. साहजिकच अनेक मल्लांच्या मनांत त्या कायद्याविषयीं अढी बसली. कुस्तीच्या प्रशिक्षकांची संघटना २००२ मध्यें न्यायालयांतही गेली. पुढच्याच वर्षीं तिचा दावा फेटाळला गेला.

मॉरिसनें ह्या भांडणाला निराळेंच उत्तर दिलें. पुरुषांच्या संघाचे प्रशिक्षक डग रीस यांनींच मुलींचा संघ उभा केला. एकाचा घास काढून दुसऱ्यास देण्यापेक्षां दोघांस एका पंक्तीस बसविणें त्यांना अधिक शहाणपणाचें वाटलें. त्या वेळीं ह्या मुलींना कोणत्या लौकिकाची आशा होती? स्त्रियांच्या जागतिक स्पर्धा १९८७ मध्यें सुरू झाल्या होत्या खऱ्या, पण ऑलिंपिकचें दार त्यांना २००४ पर्यंत बंदच होतें. केवळ विद्येच्या गोडीनें त्या गादीवर उतरल्या.

मोठ्या विद्यापीठांना जें साधलें नाहीं, तें ह्या लहान संस्थेस कां साधलें? मला वाटतें, लहान संस्थेस गमावण्यासारखा बडेजाव नसतो, हेंच तिचें बळ. पण तोच तिचा दुबळेपणाही ठरतो. मॉरिसचे हे संघ फार काळ टिकले नाहींत. चालू शतकाच्या आरंभींच्या वर्षांत ते बंद झाले.

तथापि पेरलेलें वायां गेलें नाहीं. इतर लहान महाविद्यालयांनीं तीच वाट धरली, आणि जानेवारी २०२५ मध्यें राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेनें स्त्रियांच्या कुस्तीच्या अजिंक्यपदास मान्यता दिली. पुरुषांचें अजिंक्यपद तिनें १९२८ मध्येंच सुरू केलें होतें. म्हणजे मध्यें ९७ वर्षें गेलीं!

इतिहास विजेत्यांचीं नांवें जपून ठेवतो. पण ज्यांनीं जिंकण्यासाठीं मुळांत आखाडा खुला केला, आणि त्याचें फळ पाहण्यापूर्वींच ज्यांचा स्वतःचा आखाडा उठला, त्यांचेंही स्मरण आपण ठेवलें पाहिजे.