एकवीस फोटो आणि एक तुकडा

माझं नोकरीचं आयुष्य फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये गेलं, त्यामुळे मंगळाचे पहिले जवळचे फोटो मी धंद्याच्या नजरेनंच बघतो. जुलै १९६५मध्ये मरिनर ४ हे यान मंगळापासून ९,८०० किलोमीटरवरून गेलं. हाती आले २१ फोटो आणि बाविसाव्याचा तुकडा. फोटोत २०० ओळी, ओळीत २०० ठिपके, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ६४ छटा. असा पासपोर्ट फोटो दिला असता तर गिऱ्हाइकानं तो माझ्या अंगावर फेकला असता! एकेक फोटो पृथ्वीवर यायला आठ तासांहून जास्त लागत. कॅलिफोर्नियातल्या जेपीएल या प्रयोगशाळेतल्या इंजिनिअरांना तेवढा धीर कुठला? त्यांनी आकडे छापलेल्या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवल्या आणि आकडा बघून खडूनं हातानं रंग भरला.

या कॅमेऱ्याच्या चमूत ब्रूस मरी होते, पूर्वी तेलकंपनीत काम केलेले भूवैज्ञानिक. कॅमेरा म्हणजे वर्तमानपत्रांसाठी खेळणं, खरं विज्ञान चुंबकमापकाचं आणि कणमापकाचं, असं तेव्हा अनेक शास्त्रज्ञ मानत. मरींना हे पटत नसे; आधी जमीन बघा, असं त्यांचं म्हणणं. माझं मत अर्थातच त्यांच्या बाजूनं.

दिसलं काय, तर चंद्रासारखे खड्डे. यानाच्या रेडिओ लहरींवरून हवेचा दाबही कळला, पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी. अशा हवेत पाणी वाहतं राहणं कठीण. पुढच्याच वर्षी त्याच चमूतले लेटन आणि मरी यांनी गणित मांडलं, की ध्रुवांवरचं पांढरं गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचं असावं. मंगळावर कोणीतरी कालवे खोदलेत असं सांगणाऱ्या लॉवेलसाहेबांचे कालवे संपले. मरींच्या लेखी मंगळ कोरडा ठणठणीत ठरला, पण फोटोंत आला होता तो जेमतेम एक टक्का मंगळ.

नोव्हेंबर १९७१मध्ये मरिनर ९ पोचलं तेव्हा सगळा ग्रह धुळीच्या वादळात बुडालेला. पाठोपाठ आलेल्या रशियन यानांचा कार्यक्रम आधीच ठरलेला. त्यांचे बरेच फोटो धुळीचेच निघाले. मरिनर ९ला मात्र थांबायला सांगता आलं. धूळ बसल्यावर उपनद्यांसकट कोरडी नदीपात्रं दिसली. एकूण फोटो ७,३२९.

मरींचेच विद्यार्थी मायकेल मॅलिन यांच्या कॅमेऱ्याला पुढे उतारांवर ताज्या घळी दिसल्या. २०००मध्ये त्यांनी आणि केनेथ एजेट यांनी त्या पाण्यानं कोरल्या असाव्यात असं लिहिलं. त्यावर नंतर आक्षेप आले: कार्बन डायऑक्साइडचा बर्फ उडून जातानाही माती अशीच घसरते. फोटोत घळ स्वच्छ दिसते. ती कोणी कोरली, यावर वाद चालू आहे.