धूळपाटीपासून पाठशाळेपर्यंत : पारंपरिक शिक्षणाची वाटचाल

कोणत्याही कार्याच्या आरंभाला मराठी भाषेत ‘ओनामा’ म्हणतात. ‘ॐ नमः सिद्धम्’ या नमनाचे ते लोकरूढ रूप होय. महाराष्ट्रातील जुन्या शाळांत बालकाचे अक्षरज्ञान ‘ओ ना मा सी धं’ ही अक्षरे गिरवूनच सुरू होत असे. मग तो मुलगा कोणत्याही पंथाच्या घरचा असो. या नमनाच्या उगमाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जैन परंपरा मात्र त्यात सिद्ध परमेष्ठींना केलेले वंदन पाहते. ज्या शाळांत हे नमन रोज घडत होते त्या शाळा काळाच्या उदरात गडप झाल्या, शब्द तेवढा उरला. शाळा का गेल्या, त्यांच्या मागोमाग आलेल्या कोणत्या संस्था टिकल्या आणि कशाच्या बळावर टिकल्या, हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. प्रत्येक गावातील पाठशाळेपुढे आज तोच प्रश्न उभा आहे.

पंतोजींची शाळा

इंग्रजी अमलापूर्वी महाराष्ट्रात शिक्षणाचे सरकारी खाते नव्हते, परंतु शिक्षण होते. एखाद्या देवळाच्या ओवरीत किंवा सधन गृहस्थाच्या ओसरीवर पंतोजी मुले जमवीत. त्यांचा निर्वाह पालकांनी दिलेल्या अल्प द्रव्यावर व शिध्यावर चाले. पाटावर धूळ पसरून काडीने अक्षरे काढणे ही पहिली पायरी. मग बोरू, शाई आणि कित्ता. बालबोधीबरोबर मोडी शिकवली जाई, कारण पत्रव्यवहार आणि हिशेब मोडीत चालत. सायंकाळी सर्व मुले एका सुरात परवचा म्हणत. थोरला विद्यार्थी धाकट्यास शिकवी, त्यामुळे एका पंतोजीस अनेक मुले सांभाळता येत. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल या पाद्र्याने मद्रासमध्ये अशीच रीत पाहिली आणि ती इंग्लंडात नेली. तेथे ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झाली.

या शाळेचे खरे बळ तिच्या व्यवहारज्ञानात होते. साध्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी मुखोद्गत करून घेतली जाई. शेरास दीड आणा भाव असता साडेतीन शेरांचे सव्वापाच आणे होतात, हे उत्तर दुकानातील मुलगा क्षणात देई. रोजकीर्द, खतावणी आणि हुंडीची भाषा तो पुढे पेढीवर बसून शिके. शाळा आणि दुकान यांच्यामध्ये भिंत नव्हती.

पनवेलसारख्या पेठेला अशाच ज्ञानाची गरज होती. खाडीवरचे बंदर, आसपासची भातशेती आणि मिठागरे यांमुळे येथे व्यापार वाढला. १८३० साली बोरघाटाची गाडीवाट खुली झाली आणि मुंबईहून जलमार्गाने येणारा माल व प्रवासी पनवेलास उतरून पुण्याकडे जाऊ लागले. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली, यावरूनही त्या काळातील गावाचे महत्त्व ध्यानात येते. अशा पेठेत तोंडी हिशेब, स्वच्छ मोडी अक्षर आणि चोख वही हेच व्यापाऱ्याच्या मुलाचे पदवीपत्र होते.

तथापि या शाळेचे गुणगान करताना तिच्या मर्यादांकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. मुलींना तेथे जवळजवळ स्थान नव्हते, अस्पृश्य मानलेल्यांना तर प्रवेशच नव्हता. पाठांतरावर भर असे, अर्थावर नसे. १८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढली, तेव्हा जुन्या शिक्षणातील ही पोकळी समाजासमोर उघड झाली.

ती शाळा का गेली?

सरकारच्या एका हुकमाने पंतोजींची शाळा बंद पडली, असा समज आहे. वस्तुस्थिती त्याहून वेगळी आहे. मुंबई इलाख्यात १८२२ पासून छापील शालेय पुस्तके तयार करण्याचा उद्योग सुरू झाला. १८५४ च्या वुड यांच्या खलित्यानंतर सरकारी शिक्षणखाते उभे राहिले. क्रमिक पुस्तके, परीक्षा आणि तपासनीस आले. नोकरीसाठी प्रमाणपत्र आवश्यक ठरू लागले. तरीही गावोगावच्या खाजगी शाळा पुढे बराच काळ चालू होत्या. त्यांना खरा धक्का बसला तो त्यांच्या ज्ञानाचा उपयोग एकेक करून संपला तेव्हा.

छापखान्याने बालबोध लिपी स्वीकारल्यामुळे मोडीचे क्षेत्र आक्रसत गेले आणि स्वातंत्र्यानंतर ती शालेय अभ्यासक्रमातूनही गेली. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली; सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. त्यामागोमाग शेर, पायली आणि मण जाऊन किलोग्रॅम व लिटर आले. ज्या पावकी-निमकीवर पिढ्यान् पिढ्या पेढ्या चालल्या, ती काही वर्षांत निरुपयोगी ठरली. आज जुने दस्तऐवज वाचण्यासाठी पुराभिलेख संचालनालयाला मोडीचे प्रशिक्षण वर्ग चालवावे लागतात.

पनवेलनेही असा अनुभव घेतला आहे. १८६३ साली बोरघाटातून कर्जतमार्गे रेल्वे गेली आणि पुण्याकडे जाणाऱ्या रहदारीचा मोठा ओघ पनवेलला वळसा घालून निघून गेला. रस्ता तोच होता, गावही तेच होते. जाणाऱ्यांची वाट बदलली होती. पंतोजींच्या शाळेचेही तसेच झाले.

गुरुकुल आणि वसतिगृह : दुसरी वाट

विसाव्या शतकाच्या आरंभी जैन समाजातील काही दूरदर्शी व्यक्तींनी हा बदल वेळीच ओळखला. इंग्रजी शिक्षण नाकारणे शक्य नाही आणि धर्मसंस्कार सोडणेही इष्ट नाही, मग दोन्ही एका छपराखाली का नांदू नयेत, असा त्यांचा विचार होता. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी १९०० साली मुंबईत हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग सुरू केले. त्यांच्या सुकन्या मगनबाई यांनी मुंबईत श्राविकाश्रम उभारून विधवा व निराधार भगिनींना शिक्षणाचे दार उघडून दिले. जुन्या शाळेने जी चूक शतकानुशतके केली, ती दुरुस्त करण्याचे धैर्य या कार्यात होते.

१९०३ साली मुनिश्री धर्मविजयजी (पुढे आचार्य श्री विजयधर्मसूरीश्वरजी) यांनी काशीत यशोविजय जैन पाठशाळा स्थापन केली आणि १९०५ साली पूज्य गणेशप्रसादजी वर्णी यांच्या प्रयत्नांनी तेथेच स्याद्वाद महाविद्यालय सुरू झाले. यशोविजय पाठशाळेत १९०४ साली दाखल झालेल्या एका तरुणाची दृष्टी किशोरवयातच देवीच्या आजाराने गेली होती. काशीत राहून त्याने व्याकरण आणि न्यायशास्त्र केवळ ऐकून आत्मसात केले. तेच पुढे प्रज्ञाचक्षू पंडित सुखलालजी म्हणून विख्यात झाले आणि काशी हिंदू विश्वविद्यालयात जैन दर्शनाचे अध्यापक झाले. मुखपाठाची जुनी शक्ती आणि चिकित्सेची नवी दृष्टी यांचा संगम झाला तर काय घडू शकते, याचे हे उदाहरण होय.

मुंबईत आचार्य श्री विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने १९१४-१५ च्या सुमारास श्री महावीर जैन विद्यालय उभे राहिले आणि उच्च शिक्षणासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना आसरा मिळाला. नगर जिल्ह्यातील पाथर्डी येथे आचार्य श्री आनंदऋषीजींच्या प्रेरणेने धार्मिक परीक्षा बोर्ड स्थापन झाले. गावोगावच्या स्थानकवासी पाठशाळांना त्यामुळे एक निश्चित अभ्यासक्रम लाभला. विदर्भातील कारंजा (लाड) येथे १९१८ साली ब्रह्मचारी देवचंदजी यांनी महावीर ब्रह्मचर्याश्रम या गुरुकुलाची स्थापना केली. स्वतः पदवीधर असलेल्या देवचंदजींनी शालेय विषय व धर्मशिक्षण यांची सांगड घातली. तेच पुढे मुनिश्री समंतभद्र महाराज झाले आणि १९३४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजजवळच्या बाहुबली डोंगरावर त्यांनी दुसरे गुरुकुल उभारले.

या सर्व संस्थांचे आम्नाय वेगळे, भाषा वेगळ्या. परंतु सूत्र एकच होते. त्यांनी परंपरेचा आशय जपला आणि साधने बदलली.

कुंभोज ते पनवेल

ज्या कुंभोजच्या परिसरात हे गुरुकुल उभे राहिले, त्याच गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन कुटुंबात भाऊराव पाटील यांचा जन्म झाला होता. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. १९०८ च्या सुमारास अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर स्नान न करता भोजनगृहात प्रवेश करण्यावरून वाद होऊन त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. समाजाने उभारलेल्या वसतिगृहानेच त्यांना शिक्षणाची संधी दिली आणि त्याच वसतिगृहाच्या मर्यादेने त्यांना पुढची दिशा दाखवली. १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात सुरू झालेल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रम करून शिकत. गुरुकुलातील सहजीवन आणि स्वावलंबन ही तत्त्वे त्यांनी टाकून दिली नाहीत; त्यांचे दार मात्र सर्वांसाठी उघडले.

कर्मवीरांचे निधन ९ मे १९५९ रोजी झाले. १९७० साली त्यांच्या रयत शिक्षण संस्थेने पनवेल येथे महात्मा फुले महाविद्यालय सुरू केले आणि पनवेल परिसरातील मुलामुलींना उच्च शिक्षणाची सोय घराजवळ झाली. महात्मा फुले यांचे नाव, एका जैन शिक्षणमहर्षींची संस्था आणि कोकणातील विद्यार्थी असा हा त्रिवेणी संगम पनवेलच्या शैक्षणिक इतिहासात आवर्जून नोंदवावा असा आहे.

आजची पाठशाळा

१९७० हेच सिडकोच्या स्थापनेचेही वर्ष. त्यानंतरच्या काळात पनवेलचा चेहरामोहरा बदलला. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे आणि खारघर या वसाहती उभ्या राहिल्या. लोकल रेल्वे आली. २०१६ साली महानगरपालिका झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. पूर्वी पेठेतील कुटुंबे देरासर, मंदिर वा स्थानकाच्या हाकेच्या अंतरावर राहत. आता ती उंच इमारतींत विखुरली आहेत. शाळा, शिकवणी आणि प्रवास यांतून मुलांना उरणारा वेळ अत्यल्प. दररोजची पाठशाळा अनेक ठिकाणी रविवारच्या एका तासावर आली आहे.

वेळेपेक्षाही गंभीर अडचण भाषेची आहे. सूत्रे प्राकृतात, त्यांचे विवेचन गुजराती, हिंदी वा मराठीत आणि मुलाची शाळा इंग्रजी माध्यमाची. परिणामी सूत्रे रोमन अक्षरांत छापून द्यावी लागतात. रोमन लिपीत ‘ण’ आणि ‘न’ यांतील भेद सहजी दिसत नाही. मग ‘अरिहंताणं’ या पदातील मूर्धन्य ‘ण’ मुलाच्या जिभेवर उमटतच नाही. ज्या परंपरेने शतकानुशतके केवळ मुखाने आणि कानाने आगम जपले, तिच्यासाठी ही हानी लहान नव्हे. दुसरीकडे, शुद्ध उच्चार करणाऱ्या मुलालाही आपण काय म्हणतो हे ठाऊक नसेल, तर पंतोजींच्या शाळेतील जुनाच दोष नव्या वेषात परत आला असे म्हणावे लागेल.

इतिहास यावर काही मार्ग सुचवतो. थोरल्या मुलाने धाकट्यास शिकवण्याची जुनी रीत पाठशाळेत पुन्हा आणता येईल. कॉलेजात जाणारी मुले-मुली बालवर्ग उत्तम रीतीने सांभाळू शकतात. प्रत्येक सूत्राबरोबर त्याचा अर्थ मुलाच्या घरच्या भाषेत सांगता येईल. उच्चारासाठी ध्वनिमुद्रणाचा आधार घेता येईल, परंतु देवनागरीचा परिचय टाळून नव्हे. सुट्टीतील निवासी शिबिर हे गुरुकुलाचे लघुरूप ठरू शकते. शिकवणाऱ्या भगिनी व बंधूंना योग्य मानधन आणि प्रशिक्षण मिळाले पाहिजे, कारण शिध्यावर जगणाऱ्या पंतोजीची अवस्था आजच्या शिक्षकावर यावी हे समाजाला शोभणारे नाही. २७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली आणि संविधानाच्या ३० व्या अनुच्छेदाने आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा हक्क अधिक स्पष्ट झाला. हक्काचे चीज मात्र कर्तृत्वानेच होते.

पंतोजींची शाळा बदलली नाही, म्हणून संपली. गुरुकुले आणि वसतिगृहे बदलली, म्हणून टिकली. आणि कर्मवीरांसारख्यांनी त्यांच्या भिंतीही ओलांडल्या. पाठशाळेला यांपैकी कोणती वाट धरायची याचा निर्णय दूरच्या कोणत्या कचेरीत होणार नाही. तो रविवारी सकाळी आपल्या मुलाचे बोट धरून त्याला पाठशाळेपर्यंत सोडणाऱ्या, आणि घरी परतल्यावर ‘आज काय शिकलास?’ असे विचारणाऱ्या माता-पित्यांच्या हाती आहे. सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी समाजाने तेवढा एक प्रश्न घरोघरी नेला, तरी तो एका नव्या पर्वाचा ओनामा ठरेल.