मालमोटारीचें इंधन : कोळशाचा वायु, डिझेल आणि नैसर्गिक वायु

परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या वाटेवर पोखर्णी हें गांव आहे. नृसिंहाच्या देवस्थानामुळें त्याचें नांव मराठवाड्यांत सर्वतोमुखीं झालें असून, परभणी-परळी लोहमार्गावरील येथील स्थानकालाही देवाचेंच नांव जोडलेलें आहे. हा मुलूख काळ्या जमिनीचा. कापूस, ज्वारी, सोयाबीन आणि ऊस हीं येथील पिकें. पिकलेला माल बाजारांत गेल्यावांचून त्याचा पैसा होत नाहीं, आणि तो माल वाहून नेण्याचा खर्च शेवटीं शेतकऱ्याच्या पट्टींतूनच वजा होतो. म्हणून मालमोटारीनें डिझेल जाळावें कीं नैसर्गिक वायु जाळावा, हा प्रश्न कारखानदारांइतकाच अशा गांवांचाही आहे. त्याचें उत्तर शोधतांना मागील शंभर वर्षांचा इतिहास पाहणें उपयोगी पडतें.

बैलगाडीच्या काळीं इंधनाचा प्रश्नच नव्हता. बैल कडबा खाई आणि कडबा गांवच्या शिवारांतच पिके. मोटार आली तेव्हां ही स्थिति पालटली. परभणी जिल्हा त्या वेळीं हैदराबाद संस्थानांत होता. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक खात्यानें १९३२ च्या जून महिन्यांत २७ मोटारी आणि १६६ नोकर एवढ्या सामुग्रीवर आपल्या कामास आरंभ केला. सरकारी मालकीच्या प्रवासी मोटारींचा हिंदुस्थानांतील हा अगदीं आरंभींचा प्रयोग होय. त्या काळच्या बहुतेक मोटारी पेट्रोलवर चालत, आणि हें पेट्रोल दूरदेशांतील खाणींतून येई. वाहनाचा दाणागोटा प्रथमच गांवाच्या हाताबाहेर गेला होता.

त्याचा परिणाम दुसऱ्या महायुद्धांत कळून आला. १९४१ सालीं पेट्रोलवर नियंत्रण आलें. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला आणि तेथील तेलाच्या विहिरीही गेल्या. लष्कराची गरज भागल्यावर उरेल तेवढेंच पेट्रोल लोकांच्या वांट्याला येऊं लागलें. तेव्हां मोटारवाल्यांनीं लांकडी कोळशाच्या वायूचा आश्रय केला. मोटारीच्या मागें किंवा बाजूला पत्र्याचें एक उंच नळकांडें बसवीत. त्यांत वरून कोळसा भरीत, खालून तो पेटवीत, आणि हातानें पंखा फिरवून निखारा फुलवीत. कोळसा अपुऱ्या हवेंत जळाला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा ज्वालाग्राही वायु निघतो. तो थंड करून व गाळून इंजिनांत सोडीत. युरोपांतही हीच युक्ति सर्वत्र चालली होती. एकट्या जर्मनींत युद्धाच्या अखेरीस अशीं सुमारें पांच लक्ष वाहनें होतीं.

हें इंधन स्वदेशी होतें, स्वस्त होतें आणि खेडोपाडीं मिळत होतें. असें असूनही युद्ध संपून पेट्रोल पुन्हां मिळूं लागतांच लोकांनीं हीं नळकांडीं काढून टाकलीं. ह्याचें कारण त्यांच्या रोजच्या उपद्रवांत होतें. गाडी निघण्यापूर्वीं कितीतरी वेळ भट्टी पेटवीत बसावें लागे. राख व खडे काढावे लागत. गाळणी धुवावी लागे. ह्या वायूंत निम्मा भाग निरुपयोगी नायट्रोजनचा असल्यामुळें इंजिनाची शक्ति तिसऱ्या हिश्शानें, कधीं त्याहूनही अधिक घटे. चढावर गाडी थबकली म्हणजे उतारूंना खालीं उतरून ती ढकलावी लागे. शिवाय हा वायु विषारी. इंधन दाराशीं मिळालें तरी त्याची दगदग रोज सोसावी लागत असेल, तर माणूस तें सोडून देतो, हा त्या प्रयोगाचा धडा होय.

डिझेलनें ही अडचण दूर केली. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन यंत्रज्ञानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें आपलें इंजिन यशस्वी करून दाखविलें. ह्या इंजिनांत हवा इतकी दाबली जाते कीं, ती तापून तिच्यांत फवारलेलें तेल आपोआप पेट घेतें. ठिणगीची जरूरी लागत नाहीं. तेवढ्याच इंधनांत तें पेट्रोलच्या इंजिनापेक्षां अधिक काम देतें आणि सावकाश फिरत असतांनाही जड ओझें ओढतें. १९२४ च्या सुमारास जर्मनींत तें मालमोटारीवर बसलें. १९५४ सालीं जमशेदपूर येथें टाटांनीं मर्सिडीज-बेंझच्या सहकार्यानें डिझेलच्या मालमोटारी बांधण्यास प्रारंभ केला, आणि त्यानंतर देशांतील अवजड वाहतूक हळूहळू डिझेलवर गेली.

डिझेलच्या ह्या विजयांत इंजिनाच्या गुणाइतकाच तेलाचाही गुण होता. हें तेल साध्या हवेंत पातळच राहतें. तें पिंपांत भरून बैलगाडींतून नेतां येतें, महिनाभर तसेंच ठेवतां येतें, आणि पेट्रोलसारखा चटकन् भडका घेत नाहीं. म्हणून आडगांवच्या शेवटच्या टोंकापर्यंत तें जाऊन पोंचलें.

त्याची किंमत मात्र शहरांच्या फुप्फुसांनीं मोजली. काजळीच्या सूक्ष्म कणांनीं दिल्लीची हवा कोंदली, तेव्हां २८ जुलै १९९८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तेथील सर्व प्रवासी बसगाड्या नैसर्गिक वायूवर आणण्याचा आदेश दिला, आणि १९०२ नव्हे, तर १९९८ पासून चार वर्षांनीं, म्हणजे २००२ च्या अखेरीस, तें काम पुरें झालें. महाराष्ट्रांत १९७४ सालीं मुंबईजवळच्या समुद्रांत तेल व वायूचा मोठा सांठा सांपडला होता. १९९५ सालीं महानगर गॅस कंपनी स्थापन होऊन हा वायु मुंबईच्या मोटारींनाही मिळूं लागला. पुढें २०१२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें डिझेलचा धूर कर्करोगास कारण होतो असा स्पष्ट निर्णय दिला.

तथापि शहरांतील बस आणि लांब पल्ल्याची मालमोटार ह्यांत अंतर आहे. बस रात्रीं आगारांत परत येते. मालमोटार शेंकडों कोस दूर जाते. दाबून भरलेल्या वायूला, म्हणजे सी. एन. जी.ला, तेवढ्याच शक्तीसाठीं डिझेलच्या सुमारें चौपट जागा लागते. वायु उणें १६२ अंशांपर्यंत थंड करून त्याचें पाणी केलें, म्हणजे एल. एन. जी. केला, तर ही जागा पावणेदोन पटींवर येते. ह्या द्रवाचा पंप २०२१ च्या जुलैंत नागपुराजवळ सुरू झाला, आणि २०२२ च्या सप्टेंबरांत पुण्याजवळ चाकण येथें त्यावर चालणाऱ्या मालमोटारींचा कारखाना उघडला. चीनमध्यें तर हजारों पंप उभे राहिल्यानें नव्या अवजड ट्रकांचा मोठा वांटा वायूवर गेला आहे.

ह्या इंधनाचे गुणदोष दोन्ही खरे आहेत. त्याच्या धुरांत काजळी जवळजवळ नसते, आणि तेवढ्याच उष्णतेसाठीं कर्बवायु सुमारें पावपट कमी निघतो. परंतु न जळतां निसटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबानें कर्बवायूच्या जवळजवळ अठ्ठावीसपट तापदायक ठरतो, म्हणून गळती झाली कीं लाभ सरतो. शिवाय देशाला लागणारा सुमारें निम्मा वायु परदेशांतून येतो. २०२२ सालीं युक्रेनमध्यें युद्ध पेटतांच त्याचे जागतिक भाव भडकले आणि डिझेलशीं असलेलें अंतर आखडलें. ब्रह्मदेशच्या विहिरींची आठवण व्हावी असाच हा प्रसंग होता.

पोखर्णीसारख्या गांवाच्या दृष्टीनें अडचण आणखी एक आहे. उसाची वाहतूक गळीत हंगामापुरती चालते. पुढें कित्येक वाहनें महिनोन्‌महिने उभीं राहतात. डिझेल टाकींत पडून राहतें, पण थंड केलेला वायु हळूहळू उकळून उडून जातो. रोज महामार्गावर धांवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या ताफ्याला जें इंधन परवडेल, तें एका ट्रकावर संसार चालविणाऱ्या मालकाला परवडेलच असें नाहीं. महाग गाडी घेऊन पंपासाठीं वांकडी वाट करावी लागली, तर त्याचा भाडेखर्च वाढेल आणि तो भार पुन्हां शेतमालावर पडेल.

ह्यावर एक मार्ग दिसतो. २०१८ च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें शेणापासून, पिकांच्या काडीकचऱ्यापासून आणि साखर कारखान्यांतील प्रेसमडपासून वाहनांसाठीं वायु करण्याची ‘सतत’ ही योजना काढली. हा वायु शुद्ध करून दाबल्यावर सी. एन. जी.सारखाच वापरतां येतो. ऊस आणि कापूस पिकविणाऱ्या गोदावरीकांठीं त्याला कच्च्या मालाची वाण नाहीं. तसें झाल्यास कडब्यावर चालणाऱ्या बैलाप्रमाणें मालमोटारीचा दाणागोटाही कांहीं अंशीं शिवारांतूनच निघेल. मात्र त्यासाठीं कारखाना, पंप आणि दुरुस्तीची सोय आडवाटेच्या गांवांजवळ उभी राहिली पाहिजे. कोळशाचा वायु गांवांत मिळत होता, पण सोयीचा नव्हता. नैसर्गिक वायु सोयीचा आहे, पण अजून सर्व गांवांच्या वाटेवर नाहीं. डिझेलनें ह्या दोन्ही गोष्टी एकत्र साधल्या, म्हणून त्याचें राज्य इतकीं वर्षें टिकलें. त्याची जागा घेऊं पाहणाऱ्या कोणत्याही इंधनाची परीक्षा महामार्गापेक्षां पोखर्णीच्या फांट्यावरच अधिक कठोर होणार आहे.